मनोविकारशास्त्र नको रे बाबा!
महोदय,
वैद्यकीय विद्यार्थ्याने पुढे मनोविकारशास्त्र घेतो म्हटले की सहाध्यायी विचारतात, ‘एवढे गुण असताना हे कशाला?’ मुळात विद्यार्थ्यांना या विषयाचे प्रशिक्षण जेमतेम काही आठवड्यांचे, तेही बहुधा वॉर्डात. तिथे खिळल्यासारखा बसलेला, बोलणे बंद झालेला रुग्ण दिसतो. पुढे तोच बाह्यरुग्ण विभागात कामावर जायची घाई करत चिठ्ठी मागतो, तेव्हा विद्यार्थी दुसऱ्याच विभागात असतो. मग ‘हे रुग्ण बरे होत नाहीत’ हा समज पक्का! खरे तर उपचार कधीचे आहेत: ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावर (मन बेफाम उत्तेजित होण्याच्या आजारावर) लिथियम या औषधाचा गुण दाखवला तो १९४९ मध्ये. रक्ततपासणीत मनोविकाराचे निदान सापडत नाही म्हणून नाके मुरडतात; अर्धशिशीचे तरी कुठे सापडते? निम्मे प्रशिक्षण बाह्यरुग्ण विभागात ठेवावे.
– एक वैद्यकीय प्राध्यापक