कोंबडीखाली बदकाची अंडी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पर्वरीहून सावईवेऱ्याला पत्र कशाला, फोन मोडला काय, असे बाबा म्हणतील. फोनवर आई विषय बदलते आणि बाबांना ऐकू येत नाही, म्हणजे नको तेव्हा येत नाही. म्हणून लिहिते.

मला कळले आहे. तांबड्या कोंबडीखाली सहा अंडी ठेवली आहेत आणि ती कोंबडीची नाहीत. कोणी सांगितले ते विचारू नका. बाबा गोठ्यात घसरून पडले तेव्हा दादाने आणि मी मिळून ठरवले होते की शेळ्या देऊन टाकायच्या आणि यापुढे घरात नवा जीव आणायचा नाही. तुम्ही दोघांनी माना हलवल्या. आम्ही तो होकार समजलो!

खरे तर रागावूनच लिहायला बसले होते. एक पान भरले, आणि मग 1987 चा पावसाळा आठवला. मे अखेरीस गोवा घटक राज्य झाला, आणि त्याच पावसात आईने खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली. कोंबडीचे पिल्लू 21 दिवसांत निघते, बदकाला 28 लागतात. आता वरचा आठवडा ही बसेल का, यावर घरात पैजा लागल्या होत्या. आई, तू रोज तिला दोन्ही हातांनी उचलायचीस, कणी आणि पाणी पुढे ठेवायचीस, आणि अंडी गार व्हायच्या आत पुन्हा बसवायचीस. शेवटचे काही दिवस अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायचीस, नाहीतर आतली पातळ साल सुकून पिल्लू तिथेच चिकटते म्हणून. कालनिर्णयवर पेन्सिलीच्या फुल्या होत्या. चार पिल्ले निघाली आणि दुसऱ्याच दिवशी कुळागरात पोफळींमधल्या पाटात उतरली. कोंबडी काठावरून असे काही ओरडत सुटली की शेजारचे लोक साप निघाला म्हणून काठ्या घेऊन आले. (यावरून उपमा देत नाही. बाबा लगेच म्हणतील, शाळेच्या बाईच झालीस.)

पान फाडले ते तिथे.

आपल्याकडे काय काय नव्हते! आजोबांनी विहिरीत सोडलेले कासव, पाणी स्वच्छ राहते म्हणून. पावसात विहीर हाताला लागेल इतकी भरली की त्याचे नाक दिसायचे, आणि आजी त्याला नमस्कार करायची. नरकासुराच्या रात्रीच्या फटाक्यांनी गेलेले दोन ससे. त्यांच्याबद्दल आजही लिहिवत नाही. टर्की कोंबडा तर पाखलोच, गोरा साहेब. लाल चेहरा, फुगवलेली छाती, पोस्टमनवर खास राग. पोर्तुगीजमध्ये टर्कीला ‘पेरू’ म्हणतात हे बाबांनी कौतुकाने सांगितले, आणि आजी आल्यागेल्याला ‘आमच्याकडे पेरू आहे’ म्हणत राहिली. लोक फळाची वाट बघत बसायचे.

शेळीने चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचे, गणपतीवर टांगायच्या रानफळांचे, सामान खाल्ले ते कोण विसरेल? कांगले, घागऱ्या, चिबूड, सगळे फस्त. कडू कवंडळाला मात्र तोंड लावले नाही. बाबा म्हणाले, ‘बघा, वनस्पतिशास्त्र हिला कळते.’ आईने त्यांना संध्याकाळी टॉर्च देऊन रानात पाठवले.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ते उदमांजराचे पिल्लू. माडाची झावळ पडली, तिच्याबरोबर खाली आले होते, डोळेही उघडले नव्हते. दिवसभर सुपात झोपायचे, रात्री तुळयांवरून फिरायचे, पिकलेली केळी कुठे लपवली आहेत ते आपल्याआधी त्याला माहीत. आणि तो वास! माडीवर कोणी आंबेमोहर शिजवतो आहे असे वाटायचे. पाहुणे भूक लागली म्हणायचे. दादा म्हणाला, बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन देऊ. बाबा म्हणाले, दार उघडे आहे, जाईल तेव्हा जाईल. कोकमाची भिरंडे पिकली त्या महिन्यात ते गेले. नंतर कितीतरी दिवस आई माडीच्या पायरीवर एक केळे ठेवायची, आणि विचारले तर म्हणायची, उंदरांसाठी.

पोपटाचे मात्र आपले चुकलेच. आपला साधा हिरवा पोपटसुद्धा 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतो, हे बाबांना फार उशिरा समजले. त्याच दुपारी त्यांनी पिंजऱ्याचे दार बिजागरीसकट काढले. पोपट चालत बाहेर आला, झोपाळ्याच्या कडीवर बसला, मिरची खाल्ली आणि दिवेलागणीला चालतच पिंजऱ्यात परत गेला. मरेपर्यंत त्याने तेच केले. बाबा त्या रात्री जेवले नव्हते. त्यानंतर रानातला पक्षी घरात आला नाही.

तर आता बदके. शेळ्या गेल्यापासून फोनच्या मागे काहीच ऐकू येत नाही, हे मला आधीच खटकायला हवे होते. आई गेल्या महिन्यात म्हणाली, पाचला जाग येते आणि उठून करायचे काय ते सुचत नाही. मी तिला झोपेची गोळी डॉक्टरांना विचार म्हणून सांगितले. काय हुशारी!

बाबा, तुम्ही पाटाकडे जायचे नाही, शेवाळ आहे. पिल्लांसाठी अंगणात पसरट भांडे ठेवू. बदकिणीशिवाय वाढलेली पिल्ले लवकर भिजतात आणि गारठतात, मागच्या वेळी दोन तशीच गेली. कोंबडीला उचलायला आईने वाकू नये, खुराडे चिऱ्यांवर चढवून घ्या. मी शनिवारी बारीक जाळी घेऊन येते. मागच्या गडग्यात मुंगूस अजून आहे का ते बघून ठेवा. आणि आज कितवा दिवस ते नक्की कळवा, फुल्या मारल्याच असतील.

दादाला मी सांगते. नको, पिल्ले निघाल्यावरच सांगू.

तुमची,
बाय