तरंगते का?

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शुक्रवारी माझं एकतिसावं इंजेक्शन झालं आणि खोलीत तुम्ही नव्हता. "त्यांची बदली झाली, वरच्या मजल्यावर," एवढंच कळलं. कधीतरी निवांत बोलू असं मी धरून चाललो होतो. तुमच्या खोलीत निवांतपणा कधी नव्हताच, हे तुम्ही गेल्यावर लक्षात आलं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. त्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्यासारखी तोंड मिटून बसणारी माणसं अजून असणारच. त्यांनीही ते वाचावं.

मी कोण ते तुम्हाला सांगायला नको. गणिताचे सर. डावं-उजवं विसरणारे.

तुम्ही ही खोली सांभाळायला आलात तेव्हा माझं नववं इंजेक्शन होतं. पिशवीत फाइल होती आणि मनात एक वाक्य तयार होतं: "हे शेवटचं, यापुढे मी येणार नाही." ते कोणाला सांगायचं हे ठरत नव्हतं, इतकंच.

माझा आजार न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या पेशींचा कर्करोग. लहान आतड्यातली मूळ गाठ काढली होती, यकृतातल्या उरल्या होत्या. चेहरा अचानक तापून लाल व्हायचा आणि जुलाब तर दिवसरात्र. दर २८ दिवसांनी १२० मिलिग्रॅम लॅनरिओटाइडचं इंजेक्शन सुरू झालं आणि पहिल्या दोन-तीन इंजेक्शनांत सगळं असं आवरलं की मी बरा झाल्यासारखा वागू लागलो. पाचव्यानंतर पोट पुन्हा सुटलं. दिवसाला सहा, सात वेळा. वर्गात फळ्यावर समीकरण अर्धं टाकून मी बाहेर पळायचो. आठवीतली पोरं हुशार असतात, त्यांनी पैजा लावल्या असतील. कुठल्याही इमारतीत शिरलो की आधी संडास कुठे आहे ते बघायचो, मग जिना. जेवलं की पळावं लागतं, म्हणून जेवण कमी केलं. त्यातलं तेल-तूप तर पूर्ण बंद. चार महिन्यांत नऊ किलो गेले.

मला वाटलं, गाठी जाग्या झाल्या. स्कॅन म्हणत होता, आहे तसंच आहे. माझा स्कॅनवर विश्वास बसेना आणि डॉक्टरांना मी सांगत होतो, "पोट जरा बिघडतं." त्या 'जरा'नं माझे चार महिने खाल्ले. हा दोष डॉक्टरांचा नव्हे. जो माणूस सात वेळा जातो आणि 'जरा' म्हणतो, त्याचं निदान कोण करणार?

त्या दिवशी तुम्ही सिरिंज फ्रिजमधून काढून पाकिटासकट टेबलावर ठेवलीत आणि घड्याळ पाहिलंत. "अर्धा तास थांबावं लागेल. गार असताना द्यायचं नसतं, जास्त दुखतं." याआधी एके ठिकाणी मला ते थेट फ्रिजमधून काढून टोचलं होतं आणि तीन दिवस त्या कुशीवर झोपता आलं नव्हतं. औषधाला थंडी वाजते आणि त्याची किंमत आपण मोजतो, हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

तर अर्धा तास होता. तुम्ही फाइल उघडलीत, वजनाचे आकडे एकाखाली एक पाहिलेत आणि मान वर न करता विचारलंत:

"संडास पाण्यावर तरंगते का?"

तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र होतं, त्यातल्या सगळ्या पायऱ्या मी वाचल्या. मग म्हटलं, "हो."

"रंग फिकट? चिकट? वास नेहमीपेक्षा घाण?"

"हो."

"फ्लश दोनदा करावा लागतो?"

"तीनदा."

"झोपेतून उठवते का रात्री?"

नाही, हल्ली नव्हती उठवत. पूर्वी उठवायची. "आणि त्याच वेळी चेहरा लाल होतो?" तेही बंद झालं होतं. काही खाल्लं नाही तरी होते का, हेही विचारलंत. उपाशी असलो तर नाही व्हायची, आणि म्हणूनच तर मी उपाशी राहत होतो.

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "मग सर, हे गाठींचं नसावं. इंजेक्शनचं असावं. पण ठरवतील डॉक्टर, मी फक्त लिहून देते." आणि एका चिठ्ठीवर तुम्ही ते सगळं लिहिलंत. तरंगते, फिकट, चिकट, रात्री नाही. 'जरा' कुठेही नव्हतं. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. असली वस्तू जपून ठेवणारा मी जगातला एकटाच असेन.

मग मी विचारलं, जे औषध जुलाब थांबवायला देतात तेच जुलाब कसे आणेल? तुम्ही म्हणालात, "हा ब्रेक आहे. आणि तो एकाच चाकाला लागत नाही."

त्या रात्री मी वाचत बसलो. आपल्या शरीरातच सोमॅटोस्टॅटिन नावाचा एक हार्मोन असतो, त्याचं कामच मुळी 'थांबा' म्हणायचं. १९७३ मध्ये रॉजर गिल्मँ यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला, आणि गंमत म्हणजे ते लोक शोधत होते नेमका उलटा पदार्थ, वाढीच्या हार्मोनला बाहेर ढकलणारा. हाती लागला अडवणारा. (गणितात असं होतं तेव्हा आम्ही चिन्ह चुकलं म्हणतो.) पण मूळ हार्मोन रक्तात दोन-तीन मिनिटांत निम्मा होतो, त्याचं इंजेक्शन देऊन भागत नाही. म्हणून त्याच्या नकला केल्या, जास्त टिकणाऱ्या: ऑक्ट्रिओटाइड, लॅनरिओटाइड. माझं औषध कातडीखाली खोलवर घट्ट जेलसारखं बसतं आणि महिनाभर झिरपत राहतं. गाठींना ते म्हणतं, जुलाब आणणारं सेरोटोनिन सोडू नका. आणि त्याच दमात स्वादुपिंडालाही म्हणतं, पाचकरस सोडू नकोस. रस कमी, मग स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि न पचलेले तसेच बाहेर पडतात. तरंगतात.

हे कळल्यावर मला रडू आलं, हे तुम्हाला कधी बोललो नाही. चार महिने मी ज्याला मरण समजत होतो ते अपचन होतं.

डॉक्टरांनी शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडातून येणाऱ्या एका पाचक एन्झाइमची, तपासणी सांगितली. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आकडा आला की स्वादुपिंड कमी पडतंय असं धरतात. माझा बराच खाली होता. पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या. महिन्याभरानं मी तुमच्यापुढे तोंड पाडून उभा: काडीचा फरक नाही. तुम्ही विचारलंत, "कधी घेता?" जेवण झाल्यावर, म्हटलं, बाकीच्या गोळ्या घेतो तशाच. त्यावर तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंत, त्या नजरेनं मी कंस सोडवायला विसरणाऱ्या पोरांकडे पाहतो.

"पाहुणे जेवून उठल्यावर वाढपी बोलावून काय उपयोग? पहिली कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर. दुसरी जेवण अर्ध्यावर आल्यावर. गरम पेयासोबत नाही, आणि चावायची नाही."

फरक चार दिवसांत दिसला. आणि त्याहून अवघड गोष्ट तुम्ही आहारतज्ज्ञांच्या मदतीनं करून घेतलीत: मला पुन्हा स्निग्ध खायला लावलंत. मला वाटायचं, तेल सोडलं तर कॅप्सूल लागायच्या नाहीत, म्हणजे मी जिंकलो. पण वजन जात होतं आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाबरोबरच शरीरात शिरतात. माझं ड तळाला होतं, आणि ब-१२ही, त्याचं कारण वेगळं. खाण्याप्रमाणे कॅप्सूल वाढवायची, कॅप्सूलप्रमाणे खाणं कमी करायचं नाही, हे डोक्यात शिरायला मला दोन महिने लागले. शिकवणारी माणसं शिकायला मंद असतात.

मधल्या काळात शेवटच्या इंजेक्शनचं ते वाक्य विरून गेलं. एकदा बोललो होतो तुमच्यापाशी, आठवतं? तुम्ही भाषण दिलं नाहीत. डॉक्टरांकडे पाठवलंत, आणि त्यांनी याच घराण्यातल्या ऑक्ट्रिओटाइडवरचा २००९ सालचा अभ्यास उलगडून सांगितला. रुग्ण अवघे ८५, सगळे माझ्यासारखेच मध्य आतड्यातल्या गाठींचे. औषध न मिळालेल्यांत आजार पुढे सरकायला लागलेला मध्यक काळ ६ महिने, मिळालेल्यांत १४.३. मध्यक म्हणजे काय ते मला कोणी समजावायला नको होतं. मी फक्त विचारलं, मग पोटाचं बघता येईल ना? येईल, म्हणाले. बघताच येत होतं.

बाकीचं सगळं लिहायला बसलो तर शाळा बुडेल. उपाशीपोटीची साखर ९६ ची ११८ झाली, कारण इन्सुलिनलाही तोच ब्रेक. पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही म्हणून त्यात गाळ साठला, अजून काही दुखत नाही, सोनोग्राफी ठरलेल्या वेळी होते. नाडी हळू झाली. रक्तदाबाची जी गोळी मी आधीपासून घेत होतो तीही नाडी उतरवणारी निघाली, आणि हे बोट ठेवून दाखवलंत तुम्ही.

थकवा मात्र गेला नाही. तो जाईल असं तुम्ही म्हणालाही नव्हता. "मुंगी चावल्यासारखं वाटेल" हे खोटंही तुम्ही कधी बोलला नाहीत. ती सुई मुंगीच्या कुळातली नव्हे. तुम्ही म्हणायचात, "दुखेल. वीस सेकंद. हळूच देणार आहे, मोजा." मी सतराचा पाढा म्हणायचो, मनात. एकशे सत्तरला सुई बाहेर यायची. नंतर चोळायला जाणारा माझा हात तुम्ही दर वेळी अडवलात. कातडीखाली गोटीएवढी गाठ लागली तेव्हा आपली यकृतातली खाली उतरली की काय असा अडाणी विचार माझ्या मनात आला होता, तो तुम्ही न हसता ऐकून घेतलात. "औषध आहे ते. विरघळेल."

डायरी तुम्हीच लावलीत. २८ चौकोन आणि चौकोनात एक आकडा, किती वेळा. तीन महिने भरल्यावर नक्षी दिसायला लागली: पहिले चार दिवस पोट कुरबुरतं, मधले दोन आठवडे बरे, शेवटच्या तीन-चार दिवसांत चेहरा थोडा तापतो. इंजेक्शनचा वार सोमवारचा शुक्रवार करून घ्या, ही सूचना त्या चौकोनांतून आली. त्या दोन सुट्यांनी माझी नोकरी वाचवली असं म्हटलं तर फार होणार नाही. वर्गात मी आता समीकरण पूर्ण सोडवतो. पैजा लावणाऱ्यांचं नुकसान झालं असेल.

लोकांना हे सांगता येत नाही, सिस्टर. केस थोडे विरळ झालेत, पण ते वयावर खपतं. "दिसता तर ठणठणीत!" असं म्हणतात. आजाराचं नाव सांगितलं तर "इरफान खानला झाला होता तोच ना?" म्हणतात आणि लगेच गप्प होतात, मग मलाच त्यांना धीर द्यावा लागतो. त्या गप्प होण्यात मी कुणाला सांगणार, की माझा आजचा दिवस चांगला आहे कारण सकाळी ती बुडाली?

तुम्हाला सांगायचो. तुम्ही "वा!" म्हणायचात, आणि डायरीत टिक करायचात.

नवीन सिस्टरही चांगल्या आहेत. सिरिंज बाहेर काढून ठेवली, घड्याळ पाहिलं. मग मोबाइल पाहत बसल्या. मी अर्धा तास वाट पाहिली, की आता विचारतील, आता विचारतील. शेवटी मीच सांगून टाकलं, सगळं, रंगासकट. त्या थोड्या दचकल्या. पण लिहून घेतलं.

मागच्या वेळी कुठल्या बाजूला, हे त्यांनी विचारलं तेव्हा मात्र मी अडकलो नाही. तुम्ही एकदा वैतागून म्हणाला होतात, "गणिताचे सर ना तुम्ही? मग नियम बनवा." बनवला होता. विषम डावी, सम उजवी. येत्या खेपेला बत्तिसावं.

उजवी.

आपला,
गणिताचा सर