झोपेची गोळी बंद कशी करायची तेही लिहून द्या

महोदय,

दारू-तंबाखूच्या व्यसनाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. झोपेच्या गोळीबद्दल फारसे कुणी बोलत नाही, कारण ती डॉक्टरांनीच दिलेली असते.

माझे बार्शीत औषधांचे दुकान आहे. अल्प्राझोलम हे घबराटीवर नि झोपेसाठी दिले जाणारे औषध २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियम लागू असलेल्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही, दिले की डॉक्टरांचे नि पेशंटचे नाव वेगळ्या रजिस्टरला चढवायचे आणि ती नोंद तीन वर्षे जपायची. नियम योग्यच आहे. पण वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याची चिठ्ठी जुनी झाली आणि दुकानदाराने "मिळणार नाही" म्हटले, की त्या माणसाचे पुढे काय होते?

आमच्या भागातल्या एका मावशींना यजमान गेल्यावर अर्धा मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, ती चालूच राहिली. एका दुकानात नकार मिळाल्यावर मुलाला वाटले, बरे झाले, सवय सुटेल. दोन-तीन दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा हातातली पिशवी थरथरत होती, पदर घामाने भिजला होता. "छातीत कसंतरी होतंय रे," एवढेच म्हणत होत्या. मी लगेच डॉक्टरांकडे पाठवले. ही गोळी एकदम तोडली तर काहींना फिटही येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गटातल्या (बेन्झोडायझेपाइन) सगळ्या गोळ्यांवर तसा ठळक इशारा छापायला लावला.

डॉक्टरांनी त्यांना पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या. आधी दोन, काही आठवड्यांनी दीड, मग एक. त्रास वाढला तर त्याच टप्प्यावर थांबायचे. ब्लेडने कापताना गोळीचा चुरा व्हायचा, म्हणून अर्धुके मी दुकानातच कटरने करून द्यायचो. सून कालनिर्णयवर खुणा करायची. बरेच महिने लागले, पण गोळी सुटली. रात्री बाथरूमला उठताना जाणारा तोलही आता जात नाही.

डॉक्टरांना हात जोडून विनंती, पहिल्याच चिठ्ठीवर "चालू ठेवणे" न लिहिता किती दिवस घ्यायची आणि कशी कमी करायची ते मराठीत लिहा. माझ्या व्यवसायबंधूंनी नकार देताना निदान त्या डॉक्टरांना एक फोन करावा. आणि मुला-सुनांनी आईची स्ट्रिप कपाटात लपवून ठेवू नये, तिला घेऊन दवाखान्यात जावे.

– एक औषधविक्रेता, बार्शी (जि. सोलापूर)