बाबा, जनीच्या चित्रात विठोबा कुठंय

आई, बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर अर्धं बोलणं रेंजमध्येच जातं म्हणून सविस्तर लिहायलेय. बाबा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला जनाबाईचा प्रिंट बघून तुम्ही विचारलं की यात विठोबा कुठंय, आणि एकच चित्र पंधरा कागदांवर असेल तर खरं कोणतं.

खरे सगळेच. जस्ताच्या प्लेटवर मेण-डांबराचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईनं रेघ ओढली की तेवढंच जस्त उघडं पडतं, मग प्लेट नायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात सोडायची आणि रेघेवर बुडबुडे येतात ते पिसानं हळूच सारत बसायचं, अ‍ॅसिड जितका वेळ खाईल तितकी रेघ खोल आणि छापल्यावर तितकी काळी. नंतर थर काढून शाई भरायची, वरवरची शाई कापडानं पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. प्रत्येक कागदाला ही शाई नव्यानं भरावी-पुसावी लागते, म्हणून खाली ३/१५ लिहिते ती झेरॉक्स नसते, पंधरातला तिसरा असतो. आणि आपल्या देवघरातली लक्ष्मी छापलेलीच आहे ना? राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि असे देव कागदावरून घरोघर गेले, ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्याही घरात. आजीनं त्या कागदाला रोज हळदकुंकू वाहिलं, खरी लक्ष्मी दुसरीकडे आहे असं तिला कधी वाटलं नाही. मी प्रिंटच का करते त्याचं कारण मला तिथं दिसतं.

आता विठोबा. जनी आपल्या गंगाखेडची, तिच्याबरोबर देव दळायला बसला ही गोष्ट आईनंच मला लहानपणी सांगितली. मी आधी विठोबा काढून बघितला, मुकुट, तुळशीमाळ, सगळं, पण मग नजर त्याच्यावरच जायची आणि जनी बाजूला पडायची. तिचंच दळण आणि तीच बाजूला, हे मला पटेना. म्हणून आता नुसतं जातं आहे, खुंट्यावर दोन हात आहेत, एक जनीचा, आणि दुसऱ्या हाताचा माणूस कागदाच्या बाहेर आहे. आई, तू काही विचारलं नाहीस, तुला तो हात ओळखू आला असेल.

आणि तो हात मला स्टुडिओत सुचला. शाईचं बोट कागदाला लागून चालत नाही, म्हणून एकानं प्लेट पुसायची, दुसऱ्यानं कोरड्या हातानं कागद ठेवायचा, तिसऱ्यानं प्रेसचं चाक फिरवायचं. माझ्या जनीचं चाक ज्यानं फिरवलं तो पोरगा खुलताबादचा, तो तिथल्या दर्ग्यांच्या जाळ्या लाकडात कोरतो, आणि एक मैत्रीण लेण्यांतले बुद्ध करते, तिच्या प्रिंटला कागद मी ठेवते. कुणी कुणाला तुझा देव कोणता म्हणून विचारत नाही, शाई दाट झाली की मात्र लगेच ओरडतात!

म्हणून बाबा, जमिनीचे पैसे घालून मला स्वतंत्र प्रेस घेऊन द्यायचं म्हणता ते नका करू. तुमची माया कळते मला, पण भाड्याची शेड आणि सामाईक प्रेस म्हणजे पोरीचं अजून बस्तान बसलं नाही असं समजू नका. आमच्या कामात ही जुनी रीत आहे, पॅरिसला हेटर या इंग्रज चित्रकारानं १९२७ मध्ये असाच सगळ्यांनी मिळून काम करायचा स्टुडिओ सुरू केला होता, पुढे आपले आंध्रातले प्रिंट करणारे चित्रकार कृष्णा रेड्डी तिथं काम करायचे, एकाच प्लेटवर दाट आणि पातळ शाया लावून एका दाबात अनेक रंग काढायची पद्धत तिथंच तयार झाली, कमी तेलाची शाई जास्त तेलाच्या शाईला धरत नाही एवढ्यावर ती चालते. एकट्यानं खोलीत बसून हे झालं नसतं असं मला मनापासून वाटतं. पैसे आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवा, ते आधी.

पुढचं काम संतकवी दासोपंतांच्या पासोडीवरून करायचंय, अंबाजोगाईची ती, २४ हात लांब कापड आणि त्यावर लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी झाली त्याचं वर्णन. आईला तिथं जायचंच होतं, तर तिघं मिळून जाऊ, पण आधी तुम्ही दोघं इकडे या. परभणीहून सकाळच्या गाडीनं निघा, मी स्टेशनवर येते. शेड तळमजल्यावरच आहे, बाबांच्या गुडघ्याला त्रास नाही. आईला दमा आहे म्हणून त्या दिवशी अ‍ॅसिडचं काम कुणीच काढणार नाही, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, फक्त तारीख कळवा.

तुमची,
ताई