सात नंबरचा शर्ट आणि इकडची खुशाली

लीड्स, मे २०२५

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. जेवणखाण, ड्यूटी, भाड्याची खोली सगळं नेहमीसारखं. ते तुम्ही फोनवर रोज बघताच, म्हणून पुन्हा लिहीत बसत नाही. बाबा म्हणाले होते, फोनवरचं बोलणं हवेत जातं, पत्र पुन्हा काढून वाचता येतं. म्हणून हे पत्र. आणि परवाच्या फोटोबद्दलही सांगायचं आहे.

आई, निळ्या-पिवळ्या शर्टातला माझा फोटो बघून ‘असल्या हाणामारीच्या खेळाला एकटी जाते’ असं तू वहिनीला म्हणालीस. एकटी नव्हते गं. वॉर्डातल्या दोघी सिस्टर आणि त्यांची मुलं होती बरोबर. रग्बी लीगला दोन्ही संघांची माणसं शेजारी शेजारी बसतात, आज्या नातवंडांना घेऊन येतात. थंडी होती, पण तू विणलेला स्वेटर शर्टाच्या आत होता, म्हणून दिसला नाही. आणि मॅच सुटल्यावर सरळ बस धरून घरी आले.

बाबा, मैदान तुमच्या ओळखीचं आहे, हेडिंग्ले. १९८६ साली वेंगसरकरांनी ६१ आणि नाबाद १०२ केले ते इथेच, आणि १९९२ मध्ये यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून सचिन आला तोही इथेच. त्याला लागूनच रग्बीचं मैदान. मधला स्टँड एकच, एका बाजूला बसलं की क्रिकेट, उलट बाजूला बसलं की रग्बी. खेळात तेरा-तेरा जण. चेंडू पोटाशी धरून घुसायचं, समोरच्यांनी कबड्डीतल्यासारखी पकड करून पाडायचं, उठून पुन्हा घुसायचं. सहा वेळा पाडले गेलात की चेंडू त्यांना.

हा खेळ मजुरांचा आहे, ते तुम्हाला नक्की पटेल. शनिवारी मॅच खेळायची तर गिरणीत, खाणीत खाडा पडायचा. त्या खाड्याचे पैसे क्लबांनी द्यावेत की नाही, यावरून रग्बीवाल्यांत भांडण झालं, आणि १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमून उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. त्यांचाच खेळ पुढे रग्बी लीग झाला. मागावर सगळी हयात काढलेल्या माणसाला यात कोण बरोबर, ते मी सांगायला नको.

शर्टावर सात नंबर आहे तो रॉब बरोचा. उंची जेमतेम ५ फूट ५ इंच. हा कसला रग्बी खेळणार, म्हणून लहानपणी लोक मान हलवायचे. पण २००१ पासून २०१७ पर्यंत एकाच क्लबाकडून, लीड्स ऱ्हायनोजकडून खेळला, ४९२ सामने, आठ वेळा अंतिम सामना जिंकला. २०११ च्या अंतिम सामन्यातला त्याचा ट्राय, म्हणजे चेंडू रेषेपार नेऊन टेकवणं, मी कितीदा पाहिलाय. समोरून शंभर किलोचा गडी अंगावर येतोय, आणि हा त्याच्या हाताखालून वाकून निसटतो, मग पुढच्या दोघातिघांना चकवत थेट रेषेपार. बाबा, दादाच्या फोनवर नक्की बघा.

पस्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. या खेळात कारकीर्द तेवढीच, आणि फुटबॉलवाल्यांसारखा गडगंज पैसाही नाही. क्लबाच्या तरुण खेळाडूंना शिकवू लागला आणि दोनच वर्षांत, डिसेंबर २०१९ मध्ये, मोटर न्यूरॉनचं दुखणं निघालं, स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होत जातात ते. हातपाय गेले, वाचा गेली. पुढे डोळ्यांनी अक्षरं निवडून तो यंत्रातून बोलायचा. ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलायचं, जुन्या मुलाखतींतून आवाज जमवून ठेवलेला. माझ्या वॉर्डात असेच पेशंट आहेत. एका अक्षरावर नजर स्थिर व्हायला किती कष्ट पडतात ते मी जवळून बघते. शेजारी बसलेल्यानं तोवर घाई न करता थांबायचं, हेच मोठं काम.

आता इकडची एक रीत सांगते, मला समजायलाच वर्ष लागलं. कुणासाठी पैसे उभे करायचे तर इथे नुसते मागत नाहीत. एक जण जाहीर करतो, मी अमुक इतका पळणार. मग शेजारी, ऑफिसातले, कोपऱ्यावरचा खाटीक पाच-दहा पौंड त्याच्या नावानं भरतात. पळणाऱ्याला त्यातला पैसा मिळत नाही. पहिला आला काय, शेवटचा आला काय, फरक नाही. पळता येत नसेल तर कुणी टक्कल करतं, कुणी टबात उकडलेल्या बीन्समध्ये बसून राहतं! द्यायचेच आहेत तर सरळ द्या, त्याला कशाला पळवता, असं मी वॉर्डातल्या एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “पोरी, पाय झिजवून मागितलं की मागणाऱ्याची मान ताठ राहते.”

रॉबचा जुना कॅप्टन केव्हिन सिनफील्ड असाच पळाला, २०२० च्या डिसेंबरात सात दिवसांत सात मॅरेथॉन. मागितले होते ७७,७७७ पौंड, जमले दहा लाखांच्या वर. २०२३ च्या मेमध्ये रॉबच्याच नावाची मॅरेथॉन इथे पहिल्यांदा झाली. केव्हिन रॉबची खुर्ची ढकलत पूर्ण अंतर पळाला, आणि शेवटच्या रेषेपाशी मित्राला दोन्ही हातांवर उचलून पलीकडे नेलं. रॉब २ जून २०२४ ला गेला. दुसऱ्याच दिवशी, आधी ठरल्याप्रमाणे, इथल्या सीक्रॉफ्टला त्याच्या नावाच्या, याच दुखण्याच्या रुग्णकेंद्राचं बांधकाम सुरू झालं. आज ती मॅरेथॉन होती. मी पाण्याच्या टेबलावर उभी होते.

रॉबची बायको माझ्यासारखीच फिजिओथेरपिस्ट. तीन मुलं, नोकरी सांभाळून नवऱ्याचं सगळं तिनं केलं. बाबा, तुमचा डावा हात दादा रोज उचलतो, आणि मी इथे दुसऱ्यांच्या बाबांचे उचलते. हे रोज मनात येतं. तुम्ही मात्र खांदा दुखला तरी बोटं उघडायचा व्यायाम सोडू नका, आणि मला ‘छान आहे’ एवढंच सांगू नका.

पैसे सोमवारी पाठवलेत, सव्वा लाख. त्यातले ऐंशी हजार दादाच्या सोसायटीच्या कर्जाला, बाकी फिजिओचे. वहिनीनं स्वतःला एक साडी घ्यावी, हे माझं मागणं समजा. कराडच्या स्थळाला नाही म्हणू नका, पण बाबांच्या आजारपणामुळे मुलगी परत येणार असंही सांगू नका, ते अजून ठरलेलं नाही. मुलाला इकडे यायचं नसेल तर त्यांनी आधीच स्पष्ट सांगावं. पत्रिका आत्याकडे आहे. दिवाळीला रजा टाकली आहे, मिळेल बहुतेक. आत्येबहिणीच्या लग्नाला मात्र येणं होत नाही, आहेराचे पाच हजार वेगळे धरा.

तुमची,
धाकटी