जाकीट बाकावर होतं

देवबाग,
२४ नोव्हेंबर

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

रविवारी "बाबा, हे कॅनडा आहे, देवबाग नाही" म्हणून तू फोन ठेवलास. नाहीच ते. म्हणून तर... असो. लाइफ जाकिटाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

मासा मात्र जबर होता. साडेचार किलोची वॉलआय! शेजारच्या वहिनींना तू पाठवलेला व्हिडिओ दोनदा दाखवला. टॉर्च पडल्यावर तिचा डोळा पेटला तशा त्या म्हणाल्या, "अरे, ह्यो चोणाकच मरे." मलाही आपल्या खाडीतला चोणाक मासाच आठवला होता. अंधारात दिसावं म्हणून दोन्ही माशांच्या डोळ्यात मागे आरसा असतो. दिवस मावळल्यावर मोठ्या माद्या गावतात, आणि नोव्हेंबरात त्या ओंटारिओ सरोवरातून क्विंटीच्या खाडीत शिरतात, म्हणून ग्लेनोराच्या फेरीबोटीपाशी रात्रीच जावं लागतं, हे तुझं म्हणणं पटलं. मीही रात्री-बेरात्री गरवायला गेलोच की. पण काळोख, ती थंडी, आणि जाकीट बाकावर. त्यावर तू बसला होतास मंदार, उशी करून.

मी थोडं वाचलं. तसल्या गार पाण्यात पडलं की पहिलं मिनिटभर श्वासावर ताबाच राहत नाही, माणूस धापा टाकतो आणि पाणी आत जातं. पुढची दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात. शुद्ध हरपायला तासभरसुद्धा लागतो म्हणे, पण तेवढा वेळ वर तरंगत राहायला हवं ना? कर्ली नदीत तू पाच वर्षांचा असताना पोहायला शिकलास, ते तिथे त्या दहा मिनिटांपुरतं. बाळाकाकाला तर उत्तम पोहता यायचं, आणि आपलं पाणी कोमट.

झालं, सुरू झालो. माफ कर. आई म्हणतेच, तुम्ही पत्र लिहीत नाही, हजेरी घेता.

जूनमध्ये तुझ्याकडे आलो होतो तेव्हाचं परवा आठवत होतं. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. शेवटी गोडं पाणी. भरती नाही, खारा वास नाही, मला त्याचा अंदाजच येईना. खडपाजवळ वाळूत ताटाएवढी जागा साफ केलेली, आणि तिच्यावर एक स्मॉलमाउथ बास मासा नुसता उभा. तू म्हणालास, हा नर, अंडी राखतोय. याला उचलला की टपून बसलेले गोबी मासे अंडी फस्त करतात. मी म्हटलं, आपले काळुंदर मासे अशीच पिल्लं राखतात. फक्त त्यात आई-बाप दोघंही असतात. मग तू होडी लांब वल्हवलीस. पुढे दुसऱ्या खडपावर तुझ्या गरीला जो बास लागला, तो तीनदा पाण्याबाहेर उसळला. एवढासा मासा, पण हातातली काठी सोडवत होता. तू हसत सोडून दिलास. मला तेव्हा चुकचुकलं. आमच्या वेळी सोडायला कोण धरत होतं?

त्या दिवशी तू मला शिकवत होतास आणि मला ते बरं वाटत होतं. तेव्हा बोललो नाही.

आणि धक्क्यावरून निघताना माझ्या जाकिटाची चेन तूच गळ्यापर्यंत ओढली होतीस. मी कुरकुरलो, उकडतंय म्हटलं. तू ऐकलं नाहीस. मग आता?

खाडी गोठली की बर्फावर जाणार म्हणालास. त्यावर आज लिहीत नाही. फोनवर बोलू.

आईने तिरफळं आणि गोड्या मसाल्याची पुडी दिली आहे, पार्सल उद्या टाकतो. वॉलआय पांढऱ्या मांसाची, चव हलकी, तिला तिरफळ नको. रव्यात तळ. तिरफळं बांगडा मिळाला तरच काढ. सूनबाईंना आणि पिल्लूला आशीर्वाद.

तुझे,
बाबा

ता. क. जाकिटाला शिट्टी बांधलेली असते. वाजते का, एकदा फुंकून बघ.