‘आधी काय सुटतं?’ या एका प्रश्नासाठी

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

माझ्या रेडिओ सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या लिनियर अ‍ॅम्प्लिफायरचा फोटो तुम्हाला पाठवला तेव्हा खरं तर मला शाबासकी हवी होती. पॉवर सप्लायचा डबा वेगळा, व्हॅक्यूम ट्यूबचा वेगळा, मध्ये हाय व्होल्टेज नेणारी मीटरभर आरजी-213 कोअ‍ॅक्स केबल आणि तिच्या दोन्ही टोकांना पीएल-259 हे रेडिओचे प्लग. केबल जाडजूड, प्लग आट्यांवर घट्ट बसणारा. तुम्ही चूक दाखवली नाहीत, फक्त विचारलंत, "हा प्लग काढताना आधी काय सुटतं, अर्थ (बाहेरची अर्थिंगची जोडणी) की मधली पिन?"

सप्लाय बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, सुटा प्लग आणि सॉकेट मल्टीमीटरला लावून बसलो. बाहेरचं कडं सैल होताच शील्डचा (केबलमधल्या बाहेरच्या जाळीचा) संपर्क येऊ-जाऊ लागला. कडं पूर्ण सुटलं तरी पिन आतच. मग चालू सप्लायवर हेच घडलं तर काय, ते कागदावर काढलं आणि हात गार पडले. प्लेटचा (ट्यूबच्या हाय व्होल्टेज टोकाचा) करंट ट्यूबमधून चॅसिसवर, म्हणजे धातूच्या डब्यावर येतो. चॅसिसची परतीची वाट फक्त शील्डची असेल आणि तीच तुटली, तर तो अख्खा डबा प्लेट व्होल्टेजकडे चढू लागतो. प्लग काढणाऱ्याचा दुसरा हात बहुधा त्याच डब्यावर असतो.

माझ्या सप्लायमध्ये 30 मायक्रोफॅराडचे कपॅसिटर आहेत. 3000 व्होल्टला त्यात 135 ज्यूल साठतात. लय बिघडून नुसत्या थरथरणाऱ्या हृदयाला डिफिब्रिलेटर साधारण 120 ते 200 ज्यूलचा झटका देतो. हा हिशेब मी आधी का केला नव्हता, याचं अजून वाईट वाटतं.

ट्यूबच्या डब्यावर अँटेनाचं सॉकेटही अगदी तसंच आहे, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी लक्षात आणून दिलंत. घाईत एखाद्याने अदलाबदल केली असती तर? शिवाय पीएल-259 साधारण 500 व्होल्टसाठी बनवलेला असतो, हेही मी कधी तपासलं नव्हतं.

तुमच्या सांगण्यावरून एसएचव्ही कनेक्टर घेतले. नावातच सेफ हाय व्होल्टेज आहे आणि रचनाही तशीच: दोन्ही बाजूंचे मधले संपर्क टेफ्लॉनच्या नळीत खोल दडलेले, सोडवताना पिन आधी सुटते आणि अर्थ शेवटपर्यंत धरून ठेवतो. 5000 व्होल्ट डीसीचं रेटिंग मला पुरून उरतं. पुरून उरणं का लागतं, तेही तुमच्यामुळेच कळलं: लोडवर 2500 दिसणारा माझा सप्लाय लोड काढला की 3000 ला जातो, आणि कनेक्टर त्या वरच्या आकड्यासाठी निवडायचा. एका मित्राने दिलेले एमएचव्ही या जुन्या प्रकारचे कनेक्टर मात्र मी बाद केले. दिसायला बीएनसी या नेहमीच्या छोट्या कनेक्टरचे भाऊच, जोर लावला तर बीएनसीत बसतातही, पण अर्थ आधी सुटू शकतो. कमी व्होल्टेजच्या कामालाही ते मी कुणाला देणार नाही.

तरीही माझ्या मते तुमचा सर्वात मोलाचा सल्ला कनेक्टरचा नव्हताच. कितीही चांगला प्लग असो, दोन्ही चॅसिसमध्ये जाड तांब्याची वेगळी वेणी नटबोल्टने कसा, आणि ती केबलच्या आधी जोडा, केबलच्या नंतर काढा, असं तुम्ही सांगितलंत. आता ती वेणी आहे, सप्लायच्या बाजूला पिन आत दडलेलं सॉकेट आहे, आणि झाकण उघडण्याआधी कपॅसिटर आपोआप रिकामे करणाऱ्या ब्लीडर रेझिस्टरवर विसंबून न राहता मी मीटरवर शून्य पाहतो, मग डिस्चार्ज काठी टेकवतो.

तुम्ही थेट "पीएल-259 काढून टाक" म्हणाला असतात तर मी तो काढला असता, आणि पुढच्या प्रोजेक्टमध्ये तसाच दुसरा काहीतरी लावला असता. मला स्वतः मोजायला लावलंत, त्यासाठी मनापासून आभार.

प्लेट करंट मोजायला उणे बाजूत टाकलेला रेझिस्टर अजून उघडा आहे, त्यावर संरक्षक डायोड बसवायचे आहेत. ते झालं की फोटो पाठवतो, या वेळी केबल काढून ठेवलेल्या अवस्थेतला.

73 (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)

आपला,
एक हॅम (हौशी रेडिओवाला)